एरोट्रेन (१९५५–६६): बसच्या सांगाड्याची आगगाडी नेमकी कुठे गंडली?

रूळसखा:

जनरल मोटर्सच्या 'एरोट्रेन'चे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. पुढे विमानासारखे नाक, मागे १९५० च्या दशकातल्या मोटारीचा घाट असलेले शेपूट, मध्ये चकचकीत बुटके डबे. चर्चा मात्र बहुतेक वेळा "दिसायला झकास, चालायला भिकार" इथेच संपते. भिकार का, हे नीट सुटे करून बघावे म्हणून हा धागा.

आधी ढाचा सांगतो.

कंपनी: जनरल मोटर्सचा इंजिन बनवणारा विभाग, इलेक्ट्रो-मोटिव्ह. बाहेरचे रूप कंपनीच्याच स्टायलिंग विभागाचे. तेव्हा त्या विभागाचा प्रमुख हार्ली अर्ल होता आणि या गाडीवर चक जॉर्डनने काम केले.

इंजिन: एलडब्ल्यूटी-१२. आत १२ सिलिंडरचे ५६७-सी डिझेल, १,२०० अश्वशक्ती. पुढच्या बोगीचे दोन्ही एक्सल चालते, मागे एकच एक्सल आणि तोही नुसता वजन वाहणारा. डब्यांतले दिवे आणि वातानुकूलन यांसाठी इंजिनातच दोन वेगळे ६-७१ डिझेल जनरेटर. म्हणजे दिव्यांची वीज ओढण्याच्या ताकदीतून जात नव्हती.

डबे: प्रत्येक गाडीला १०, दर डब्यात ४० आसने. कंपनीच्याच लांब पल्ल्याच्या बसचा सांगाडा घेऊन तो १८ इंचांनी रुंद केला. प्रत्येक डब्याला दोनच एक्सल, बोगी नाही. एक्सलवर हवेच्या स्प्रिंगा.

असे दोन संच बनले. इंजिनांचे क्रमांक १००० आणि १००१. १९५६ पासून पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क सेंट्रल, सँटा फे आणि युनियन पॅसिफिक या अमेरिकन रेल्वे कंपन्यांनी आळीपाळीने चालवून पाहिले. एकानेही विकत घेतले नाहीत. १९५८ साली दोन्ही संच रॉक आयलंड रेल्वेने घेतले आणि शिकागो–जोलिएट लोकलला लावले. १९६६ मध्ये निवृत्ती.

माझा मुद्दा एवढाच की 'हलकी होती म्हणून हलली' हे उत्तर अपुरे आहे. हलक्या गाड्या पुढे उत्तम चाललेल्या आहेत.

---

शेडमास्तर:

चांगला धागा. आधी एका शब्दाचा घोळ मिटवू, नाहीतर पुढे गोंधळ होईल. आपण बोलताना अख्ख्या डब्याला बोगी म्हणतो. या धाग्यात बोगी म्हणजे डब्याखालची चार चाकांची, मध्यावर फिरणारी गाडी. वर्कशॉपमध्ये म्हणतात ती.

आता बोगी काढून टाकल्याने काय जाते ते बघा. रुळाच्या सांध्यावर एक चाक ६ मिलिमीटर खाली गेले. बोगी असेल तर तिचा मध्य ३ मिलिमीटरच खाली जातो, कारण दुसरा एक्सल अजून सपाट रुळावर असतो. डबा त्या मध्यावर टेकलेला, म्हणजे स्प्रिंग दबायच्या आधीच धक्का निम्मा झाला. एरोट्रेनच्या डब्याचे ते टोक थेट एका एक्सलवर. ६ चे ६ वर जातात, जे काय करायचे ते स्प्रिंगेनेच करायचे.

बोगीच्या डब्यात स्प्रिंगाही दोन मजली असतात. एक्सल ते बोगीची चौकट हा पहिला मजला, चौकट ते डबा हा दुसरा. आपल्या आयसीएफ (पेरांबूरची इंटिग्रल कोच फॅक्टरी) डब्याचे उदाहरण घ्या. एक्सलपेटीवर कॉइल स्प्रिंग आणि तिच्यात हादरा जिरवणारा तेलाचा डॅशपॉट. त्यावर चौकट, चौकटीला झुलत्या कड्यांनी टांगलेला बोल्स्टर (डबा पेलणारी आडवी तुळई) आणि त्याच्या वेगळ्या कॉइल स्प्रिंगा. आडवा हिसका आला तर तो टांगलेला बोल्स्टर पाळण्यासारखा सरकतो. एरोट्रेनमध्ये हे सगळे काम एका हवेच्या फुग्यावर टाकले होते.

---

खिडकीची जागा:

पण हवेची स्प्रिंग तर उत्तम समजतात ना? मुंबईच्या सीमेन्सच्या लोकलना आहे, वंदे भारतला आहे. मग इथेच काय बिघडले?

---

तिरपी चाके:

@खिडकीची जागा, प्रश्न अगदी बरोबर जागी विचारलात. त्या गाड्यांत हवेची स्प्रिंग दुसऱ्या मजल्यावर आहे. तिच्याखाली बोगी आहे, बोगीखाली पहिल्या मजल्याची स्प्रिंग आहे. फुग्यापर्यंत पोचणारा धक्का आधीच गाळलेला असतो.

आता मूळची बस आठवा. बसमध्येही फुगा एकच मजला असतो, तरी बस मऊ चालते. का? कारण तिथे खालचा मजला टायरचा असतो. रबरी टायर बारीक खळबळ गिळतो, फुग्याकडे फक्त मोठे, संथ चढउतार जातात. जनरल मोटर्सने बस उचलून रुळावर ठेवली तेव्हा टायर गेला आणि त्या जागी पोलादी चाक आले. फुगा तसाच राहिला. ज्या मजल्याच्या भरवशावर फुगा बसवला होता तोच मजला खालून निघून गेला. माझ्या मते एरोट्रेनची मूळ चूक ही आहे, बाकीचे सगळे नंतर.

त्यात स्प्रिंगेखालच्या वजनाचा प्रश्न. पोलादी एक्सल आणि दोन चाके मिळून टनाच्या आसपास किंवा वर जातात. ६० टनांच्या डब्याखाली ते हादरले तर वरचा डबा मनावर घेत नाही. १५-१६ टनांच्या डब्याखाली तेच एक्सल हादरले तर डबा ऐकतो. स्प्रिंगेखालचे वजन कमी न करता वरचे कमी केले की आराम घटतो. हे मोटारवाल्यांना सांगायची वेळ यावी हीच गंमत आहे.

आडव्या दिशेचे बोलायलाच नको. फुगा उभ्या धक्क्यासाठी असतो. बसला आडवा धक्का क्वचित बसतो, बसतो तोही ड्रायव्हरच्या हातून. रुळावर तो सेकंदाला दोन-तीनदा, विनाखंड येतो.

---

मीटरगेज:

+१. "टायर हा खालचा मजला" हे एकदम पटले.

---

घाटबँकर:

आरामावर सगळे बोलतात, ताकदीवर कोणी बोलत नाही. १,२०० अश्वशक्तीचे १२ सिलिंडरचे ५६७-सी म्हणजे याच कंपनीच्या एसडब्ल्यू-१२०० शंटरमधले इंजिन. यार्डात डबे ढकलायला उत्तम. ताशी १०० मैलांच्या गाडीला?

हिशेब मांडतो. वजन गृहीत धरलेले आहे, पण फार चुकणार नाही. इंजिन, दहा डबे आणि ४०० प्रवासी मिळून २७० टन धरा. १,२०० अश्वशक्ती म्हणजे ८९५ किलोवॅट. जनरेटर आणि मोटरीतले नुकसान वजा करून चाकाशी ७३५ पोचतात असे समजू.

सपाटीवर ताशी १०० मैल म्हणजे सेकंदाला ४४.७ मीटर. त्या वेगाला ७३५ किलोवॅटमधून साधारण १६ किलोन्यूटन ओढ मिळते. २७० टनांची गाडी त्या वेगाला हवा कापत नेण्यासाठी ही ओढ जेमतेम आहे, थोडीशी कमीच. लांब, सरळ, सपाट मार्ग मिळाला तर वेग गाठेल, पण थांब्यानंतर तिथवर पोचायला कितीतरी मैल खाईल.

चढावर बघा. कॅलिफोर्नियातल्या काहोन खिंडीतला २.२ टक्क्यांचा चढ म्हणजे ४५ ला १. नुसत्या चढासाठी ५८ किलोन्यूटन, घर्षण वगैरे धरून ६६. ७३५ भागिले ६६ म्हणजे सेकंदाला ११ मीटर, ताशी २५ मैल. तेही फक्त दोन चालत्या एक्सलवर. त्या दोन एक्सलवर मिळून ४० टन वजन धरले तर रुळाला चिकटण्याचे प्रमाण १७ टक्के लागते. कोरड्या रुळावर निभेल. दव पडलेले असेल तर चाके फिरत राहतील आणि गाडी उभी.

म्हणून युनियन पॅसिफिकवर लॉस एंजेलिस–लास व्हेगास धावताना काहोनला आणि सँटा फेवर सॅन दिएगोच्या उत्तरेच्या सोरेंटो चढाला मदतीचे इंजिन जोडावे लागले. आपल्याकडे कर्जतला बँकर (घाटात मदतीला लागणारे जादा इंजिन) लागतो त्याचे कोणाला नवल वाटत नाही, तो चढ ३७ ला १ आहे आणि गाडी चोवीस डब्यांची असते. इथे ४०० माणसांच्या 'हलक्या' गाडीला बँकर लागत होता. इंजिन, त्याचे कर्मचारी, परतीची रिकामी फेरी, सगळा खर्च आला. स्वस्त गाडीचा स्वस्तपणा तिथेच संपला.

---

अवांतरवाला:

अवांतर: ५६७ मालिकेचे इंजिन आपल्याकडेही होते. १९६२ मध्ये आलेली डब्ल्यूडीएम-४ इंजिने इलेक्ट्रो-मोटिव्हचीच, आत १६ सिलिंडरचे ५६७. ५६७ हा आकडा एका सिलिंडरच्या घन इंचांचा आहे. ६-७१ चेही तसेच, सहा सिलिंडर आणि प्रत्येकी ७१ घन इंच.

---

संशयी:

मोठ्या कंपनीने मुद्दाम वाईट गाडी बनवली, म्हणजे लोकांनी रेल्वे सोडून मोटारी घ्याव्यात, अशीही एक थिअरी आहे. ट्राम बंद पाडणारे हेच ना?

---

रूळसखा:

@संशयी, ट्रामचा खटला खरा आहे, पण त्याचा निकाल नीट सांगायला हवा. १९४९ मध्ये जनरल मोटर्स आणि इतरांना दोषी ठरवले ते नॅशनल सिटी लाइन्स या शहरी वाहतूक समूहाच्या कंपन्यांना बस आणि सामान विकण्याची मक्तेदारी करण्याच्या कटाबद्दल. वाहतूक व्यवसायच ताब्यात घेण्याच्या आरोपातून सुटका झाली होती.

एरोट्रेनला ही थिअरी लागूच पडत नाही. त्या काळात अमेरिकन रेल्वेला सर्वात जास्त डिझेल इंजिने हीच कंपनी विकत होती. रेल्वे बुडाल्या तर तिचे गिऱ्हाईक बुडणार. हेतू सरळ होता. बसचा सांगाडा तयार आहे, शंटरचे इंजिन तयार आहे, जनरेटरचे डिझेल तयार आहे, गोदामातले जोडून स्वस्तात गाडी करू. काळजी खरी होती, कारण प्रवासी पळत होते. आंतरराज्य महामार्गांच्या कायद्यावर आयझेनहॉवरची सही जून १९५६ मध्ये झाली, म्हणजे एरोट्रेनच्या चाचण्या ऐन भरात असताना.

---

मीटरगेज:

एक शंका. या गाडीत दोन डब्यांमध्ये मिळून एकच एक्सल होते असे वाचल्यासारखे वाटते. मग 'प्रत्येक डब्याला दोन' कसे?

---

तिरपी चाके:

ती 'ट्रेन एक्स'. या दोघींची नेहमी अदलाबदल होते. ट्रेन एक्स पुलमन-स्टँडर्डने बनवली, कल्पना चेसापीक अँड ओहायो रेल्वेचा रॉबर्ट यंग याने लावून धरली. न्यूयॉर्क सेंट्रलवर १९५६ मध्ये ती 'एक्सप्लोरर' नावाने क्लीव्हलँड–सिनसिनाटी धावली. इंजिन बाल्डविन-लिमा-हॅमिल्टनचे आरपी-२१०, आत १,००० अश्वशक्तीचे मायबाख डिझेल आणि मेकिड्रो हायड्रॉलिक गिअर. त्यात डब्याचे एक टोक शेजाऱ्यावर टेकलेले आणि सांध्याखालचे एक्सल वळणावर कड्यांनी वळवले जायचे. कल्पना एरोट्रेनपेक्षा जास्त हुशार, पण कड्या घासल्या की एक्सल कलते उभे राहते आणि जर्मन इंजिनाचे सुटे भाग ओहायोच्या शेडमध्ये कोणाकडे नसतात.

तिसरी टॅल्गो. रॉक आयलंडने १९५६ मध्ये शिकागो–पिओरियावर 'जेट रॉकेट' चालवली. तिचे डबे अमेरिकन कार अँड फाउंड्रीने बांधलेले टॅल्गोचे, आणि पुढचे इंजिन मात्र हेच एलडब्ल्यूटी-१२. म्हणजे एलडब्ल्यूटी-१२ एकूण तीन, एरोट्रेन दोन. फोटोत बुटके, तुकड्या-तुकड्यांचे डबे दिसले तर ती जेट रॉकेट. बसच्या खिडक्या ओळखू आल्या तर एरोट्रेन.

---

खिडकीची जागा:

टॅल्गो म्हणजे २०१६ मध्ये मुंबईला आली होती तीच?

---

तिरपी चाके:

हो, तेच घराणे. मूळ कल्पना स्पेनच्या अलेहांद्रो गोइकोएचेआची, पैसा ओरिओल कुटुंबाचा. नावातला इंग्रजी 'जी' गोइकोएचेआचा आणि शेवटचा 'ओ' ओरिओलचा. अमेरिकेत बांधलेली टॅल्गो-२ जुलै १९५० मध्ये माद्रिदहून फ्रान्सच्या सरहद्दीकडे धावू लागली आणि १९७२ पर्यंत धावली. हलकी, बुटकी, बोगी नसलेली. एरोट्रेनची सगळी 'पापे' तिच्यात आहेत, तरी बावीस वर्षे टिकली.

फरक चाकांत आहे. साध्या रेल्वे चाकाचा तोंडवळा शंकूसारखा असतो आणि दोन्ही चाके एकाच एक्सलवर घट्ट असतात. एक्सल डावीकडे सरकले की डावे चाक मोठ्या व्यासावर चालते, जास्त पुढे जाते आणि एक्सल आपोआप उजवीकडे वळते. मग उजवीकडे जास्त जाते, पुन्हा डावीकडे. या नागमोडीला हंटिंग म्हणतात. टॅल्गोत एक्सलच नाही. डावे-उजवे चाक स्वतंत्र फिरते, म्हणून नागमोडी सुरूच होत नाही. चाके डब्यांच्या सांध्यात, वळणाला धरून ठेवलेली.

२०१६ ची चाचणी नऊ डब्यांची होती. बरेली–मुरादाबाद, मग मथुरा–पलवलवर ताशी १८० किमी, शेवटी दिल्ली–मुंबई बारा तासांच्या आत. स्पेनचा गेज १,६६८ मिलिमीटर, आपला १,६७६. फरक ८ मिलिमीटरचा, म्हणून चाचणी सोपी गेली. अडचण होती ती आपले फलाट टॅल्गोच्या जमिनीपेक्षा उंच असल्याची.

---

शेडमास्तर:

हंटिंगचा विषय निघालाच आहे तर आकडे टाका की.

---

तिरपी चाके:

टाकतो. क्लिंगेलचे १८८३ चे सूत्र: नागमोडीची लांबी = २π × वर्गमूळ (चाकाची त्रिज्या × रुळांतले निम्मे अंतर ÷ शंकूचा उतार). त्रिज्या ०.४२ मीटर धरू (३३ इंची चाक), निम्मे अंतर ०.७५ मीटर, नव्या चाकाचा उतार २० ला १, म्हणजे ०.०५.

लांबी निघते १५.८ मीटर. ताशी ६० मैलांना (सेकंदाला २६.८ मीटर) सेकंदात १.७ हेलकावे, ताशी १०० मैलांना २.८.

चाक झिजले की उतार वाढतो. ०.१ झाला तर लांबी ११.२ मीटर आणि ताशी ६० लाच सेकंदात २.४ हेलकावे. म्हणून नवी गाडी पहिल्या महिन्यात बरी वाटते आणि सहाव्या महिन्यात तक्रारी येतात. पत्रकारांच्या फेऱ्या नेहमी पहिल्या महिन्यात असतात.

यात अमेरिकन रुळांची भर घाला. तिकडे रुळाचा तुकडा ३९ फुटी आणि सांधे समोरासमोर नसून आलटून-पालटून. डावीकडे खड्डा, १९.५ फुटांवर उजवीकडे खड्डा. डबा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुलतो आणि ३९ फुटांत एक फेरा पूर्ण होतो. ताशी ६० मैल म्हणजे सेकंदाला ८८ फूट, भागिले ३९, सेकंदाला सव्वादोन झोले. म्हणजे ताशी ६० ला झिजल्या चाकाची नागमोडी २.४ आणि सांध्यांचा झोला २.२५, जवळजवळ एकाच तालात. आपल्याकडे सांधे समोरासमोर ठेवतात, त्यामुळे 'खटखट' उभी येते, झोला कमी.

---

रूळसखा:

पण त्या काळच्या इंजिनिअरना हे माहीत नव्हते का? सूत्र १८८३ चे आहे म्हणता.

---

तिरपी चाके:

सूत्र फक्त नागमोडीची लांबी सांगते. ती नागमोडी कोणत्या वेगाला मरते आणि कोणत्या वेगाला वाढतच जाते, हे गणित स्प्रिंगा आणि डॅम्पर (हेलकावे जिरवणारे नळकांडे) यांच्यासकट तेव्हा सुटलेले नव्हते. मार्च १९५५ मध्ये फ्रान्सने ताशी ३३१ किमीचा विक्रम केला, तेव्हा गाडी गेल्यावर रूळ नागमोडी वाकलेले सापडले होते. म्हणजे जगातली सर्वात वेगवान गाडीही त्याच वर्षी याच भुताने झपाटलेली होती. जपानमध्ये विमानांच्या पंखांच्या थरथरीवर काम केलेला मात्सुदायरा युद्धानंतर रेल्वेत येऊन याच प्रश्नाला भिडला, त्याचा उपयोग शिनकान्सेनला झाला. ब्रिटनमध्ये विकेन्सच्या गटाने १९६० च्या दशकात हे गणित पक्के केले. एरोट्रेन दहा वर्षे आधी आली.

---

घाटबँकर:

माहीत झाल्यानंतरही लोकांनी तेच केलेच की! ब्रिटनच्या 'पेसर' गाड्या बघा. १९८० च्या दशकात लेलँड नॅशनल बसचे भाग वापरून सांगाडा आणि खाली मालवाघिणीच्या प्रयोगातून आलेली दोन एक्सलची चौकट. विकेन्सचे गणित वापरल्यामुळे सरळ मार्गावर हंटिंग आटोक्यात होते. पण दोन एक्सलमधले अंतर ९ मीटर, वळणावर चाके कर्कश ओरडायची आणि सांध्यावर प्रवासी उडायचे. तरी २०२०-२१ पर्यंत चालल्या, कारण बदलायला पैसे नव्हते. 'बस + रूळ' हा मोह पुन्हा पुन्हा होतो.

---

शेडमास्तर:

यात आराम आणि ताकदीइतकाच मोठा मुद्दा राहिला, रोजच्या चालवण्याचा.

पहिले, गाडी एकतोंडी. शेपूट फॅशनचे असल्याने मागून चालवता येत नाही. प्रत्येक फेरीनंतर अख्खी दहा डब्यांची गाडी त्रिकोणी रुळावर नेऊन फिरवायची. त्रिकोणाच्या एका भुजेवर पुढे जा, काटा बदल, दुसऱ्या भुजेवर मागे ये, काटा बदल, तिसऱ्यावरून बाहेर पड. साध्या गाडीचे फक्त इंजिन सुटून पलीकडे लागते. सँटा फेवर लॉस एंजेलिस–सॅन दिएगो हा १२८ मैलांचा मार्ग, दिवसात अनेक फेऱ्यांचा. तिथे हा वेळ सरळ फेऱ्यांतून कापला जातो. सँटा फेने गाडी परत केली त्यात सोरेंटोच्या चढाइतकेच हे कारण होते.

दुसरे, डबे बाकीच्या गाड्यांत मिसळत नाहीत. शुक्रवारी गर्दी आहे, दोन डबे जोडा, हे शक्य नाही. मंगळवारी रिकामी आहे, चार काढा, हेही नाही. एका डब्याचे वातानुकूलन बिघडले तर तो काढून दुसरा लावायला सुटा डबा हवा आणि तो जगात कुठेच नाही. दोनच संच!

तिसरे, वजनाचे. ४० प्रवासी सरासरी ७० किलोचे म्हणजे २.८ टन. १६ टनांच्या डब्यात हे वजन साडेसतरा टक्के भर टाकते. ६० टनांच्या डब्यात ६० प्रवासी बसले तर भर सात टक्के. म्हणजे हलक्या डब्यात रिकामा आणि भरलेला यांत मोठा फरक, ब्रेकचा दाब त्याप्रमाणे बदलायला हवा. भरलेल्याला पुरेल इतका दाब ठेवला तर रिकामी चाके घसटतात, त्यांवर सपाट चट्टे पडतात आणि चट्टा पडलेले चाक पोलादी असल्याने दर फेऱ्याला हातोडा मारते. मग टायर नसलेल्या त्या फुग्याची गोष्ट पुन्हा तिथेच येते.

---

मीटरगेज:

म्हणजे हलकेपणा चूकच होता असे म्हणायचे का? शेडमास्तरांचा सूर तसा वाटतोय.

---

शेडमास्तर:

नाही हो. हलकेपणाचे उत्तम उदाहरण तर आपल्याच घरात आहे. बार्शी लाईट रेल्वे, १८९७. तिचा इंजिनिअर कॅलथ्रॉप याने अडीच फुटी गेजवर नियम घातला की इंजिन असो वा वाघीण, कुठल्याही एक्सलवर ५ टनांपेक्षा जास्त भार नको. दाबलेल्या पोलादी पत्र्याच्या हलक्या चौकटी वापरल्या, पण चौकटीखाली बोगी ठेवल्या. भार जास्त एक्सलवर वाटला. हलके रूळ, हलका सांगाडा आणि चाकांत काटकसर नाही.

दुसरे, ऑक्टोबर १९५५ मध्ये पेरांबूरला आयसीएफ सुरू झाली. स्विस श्लिरेनच्या आराखड्याचा पूर्ण पोलादी, एकसंध सांगाडा, जुन्या लाकडी डब्यापेक्षा हलका आणि मजबूत. त्याखाली दोन मजली बोगी. एरोट्रेन आणि आयसीएफ एकाच वर्षाच्या. आयसीएफने फक्त सांगाड्यात वजन वाचवले, एरोट्रेनने चाकांतही वाचवले. कोणाचे डबे सहा दशके बनत राहिले ते सगळ्यांना माहीत आहे.

---

संशयी:

ठीक, कटाची थिअरी मागे घेतो. पण एक वेगळे मत. आराम चांगला असता, २,००० अश्वशक्ती असती, दोन्हीकडून चालवता आली असती, तरी काय झाले असते? ऑक्टोबर १९५८ मध्ये बोईंग ७०७ ची सेवा सुरू झाली. लांब पल्ल्याचा प्रवासी तसाही जाणार होता. त्या गाडीवर एवढे दोष लादणे म्हणजे बुडत्या जहाजाच्या रंगावर भांडणे.

---

रूळसखा:

अर्धे मान्य. लांब पल्ल्याचा प्रवासी गेलाच असता. पण कमी पल्ल्यात त्याच काळात यशाचे उदाहरण आहे. बड कंपनीची आरडीसी, १९४९ पासून. ८५ फुटी स्टेनलेस स्टीलचा डबा, साध्या बोगी, जमिनीखाली प्रत्येकी २७५ अश्वशक्तीची दोन डिझेल. दोन्हीकडे ड्रायव्हरची केबिन, फिरवायची गरज नाही. एक जोडा, पाच जोडा. जवळजवळ ४०० विकल्या गेल्या. आणि तिच्या पोटातली ती ६-११० डिझेल कोणाची होती? जनरल मोटर्सचीच!

---

अवांतरवाला:

अवांतर पुन्हा: एरोट्रेनच्या रूपाची सर्वात जास्त टिकलेली प्रत पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयातली 'झूलायनर' आहे, १९५८ ची. डिस्नेलँडमध्येही १९५७-५८ मध्ये 'व्ह्यूलायनर' नावाने छोटी आवृत्ती होती. दोन्ही अडीच फुटी गेजवर, म्हणजे आपल्या बार्शी लाईटच्याच मापावर.

खरी इंजिने बघायची असतील तर एक विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बेच्या नॅशनल रेलरोड म्युझियममध्ये आहे आणि दुसरे सेंट लुइसच्या म्युझियम ऑफ ट्रान्सपोर्टेशनमध्ये. रॉक आयलंडने त्यांना २ आणि ३ क्रमांक दिले होते. १ क्रमांक जेट रॉकेटचा, ते इंजिन भंगारात गेले.

---

मीटरगेज:

शेवटचा प्रश्न. ही गाडी आज कोणी आराखड्याच्या पातळीवर दुरुस्त करायची म्हटली तर किमान काय बदलावे लागेल? नवी बोगी लावणे सोडून. बोगी लावली तर ती एरोट्रेन राहणार नाही.

---

तिरपी चाके:

बोगी न लावता, या क्रमाने:

एक्सलपेटी आणि चौकट यांच्यात रबर-पोलादाचे थर असलेली स्प्रिंग. हा हरवलेल्या टायरचा मजला. फुगा तिच्या वर.

एक्सल पुढे-मागे किती वळू शकते याला कडक मर्यादा, आणि डब्याच्या चौकटीपासून एक्सलपेटीला आडवे व लांबीच्या दिशेचे तेलाचे डॅम्पर. फुग्याला आडवा डॅम्पर नसेल तर बाकी सगळे व्यर्थ.

दोन डब्यांमध्येही डॅम्पर. दहा सुटे डबे दहा वेगवेगळ्या तालांत हलतात. शेजाऱ्याशी बांधले की एकमेकांना आवरतात. टॅल्गोला हे जोडणीतूनच फुकट मिळते.

चाकांचा उतार ४० ला १ आणि दर ठरावीक मैलांनी चाके लेथवर. वरच्याच सूत्राने नागमोडी २२.३ मीटरची होते आणि ताशी १०० मैलांनाही सेकंदाला दोनच हेलकावे. पण झीज सुरू झाली की हा फायदा पळतो, म्हणून लेथचे वेळापत्रक चुकवायचे नाही.

ब्रेकला वजन मोजणारा व्हॉल्व्ह. फुग्यातला हवेचा दाब भाराप्रमाणे बदलतोच, तोच दाब व्हॉल्व्हला द्या. हे तर फुगा असल्याने सोपे होते.

---

खिडकीची जागा:

आणि जोलिएट लोकलमध्ये तरी बरी चालली असेल ना? वेग कमी, अंतर ४० मैल.

---

तिरपी चाके:

उलटेच. स्प्रिंगेवर बसलेल्या डब्याचा स्वतःचा आडवा ताल साधारण १ ते १.५ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितके हेलकावे, असतो. १.२ धरा. नागमोडी त्याच तालात आली की डब्याचा झोला वाढत जातो. नव्या चाकाची १५.८ मीटरची नागमोडी सेकंदाला १.२ वेळा येते ती ताशी ४२ मैलांना. झिजल्या चाकाची ११.२ मीटरची, ताशी ३० मैलांना. थांबत-थांबत जाणारी लोकल दोन स्टेशनांमध्ये याच ३० ते ४२ च्या पट्ट्यातून प्रत्येक वेळी दोनदा जाते, वेग घेताना एकदा आणि ब्रेक लावताना एकदा.